द्राक्षवेल आणि त्याचे फाटे

मराठी मनाला वेल परका नाही. अंगणातली जाई-जुई, परसातला दोडक्या-कारल्यांचा मांडव, कुळाच्या विस्ताराला आपण दिलेले 'वंशवेल' हे नाव, मोगऱ्याच्या वेलाला थेट गगनापर्यंत नेणारा ज्ञानदेवांच्या नावावरचा प्रसिद्ध अभंग, या सर्वांनी आपल्या भाषेत वेलाची एक प्रतिमा पक्की करून ठेविली आहे. ती कोमलतेची आहे आणि त्याहूनही अधिक आधाराची आहे. वेल म्हटला की तो कशावर तरी चढलेला असावयाचा. संस्कृत काव्यात तर लता आणि वृक्ष यांची जोडी ठरूनच गेलेली. त्यामुळे ख्रिस्ती धर्मातील द्राक्षवेलाचा उल्लेख कानी पडला की मराठी श्रोता सहज समजतो, ईश्वर हा वृक्ष आणि भक्त हा त्याला बिलगलेला वेल. हा अर्थ गोड आहे. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तो नाही. तेथे येशू स्वतःलाच द्राक्षवेल म्हणवितो, आपल्या पित्याला माळी म्हणतो आणि शिष्यांना त्या वेलाचे फाटे म्हणतो. फाटा वेलाला बिलगत नाही. तो वेलातूनच फुटतो. या एका फरकावर पुढील सारा अर्थ उभा आहे.

आम्ही जन्माने ख्रिस्ती नाही. सीमाभागातील एका शाळेत अनेक धर्मांची मुले एका बाकावर बसवून मराठी शिकविण्यात आमची हयात गेली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता शिकविताना शुभवर्तमानांशी आमचा परिचय झाला. परंतु आज या विषयावर लिहावयास आम्हांस एक प्रसंग कारण झाला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ख्रिस्ती विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ तापाच्या आजाराने गेला. समाचारास आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्या मुलांच्या आईला धीर देण्यासाठी द्राक्षवेलाचा दृष्टांत सांगितला. माळी फळ देणाऱ्या वेलाचीच छाटणी करतो, असे ते म्हणाले. बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. मंडळी उठून गेल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, "सर, माझं लेकरू म्हणजे काय छाटायची काडी होतं का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. घरी येऊन आम्ही तो अध्याय पुन्हा काढला, आणि तेव्हापासून तो अनेकदा वाचला. तो खरोखर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम त्या भूमीकडे पाहू. यहूदियाचा डोंगराळ प्रदेश दगडगोट्यांचा. तेथे द्राक्षमळा करावयाचा म्हणजे आधी दगड वेचून काढावयाचे, त्यांचेच बांध घालून उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते करावयाची, राखणीसाठी माळा किंवा बुरूज उभारावयाचा आणि रस काढण्यासाठी खडकातच कुंड खोदावयाचे. असे खडकात कोरलेले प्राचीन कुंड त्या भागात आजही पाहावयास मिळतात. जेरुसलेमच्या नैऋत्येस असलेल्या बत्तीर गावच्या पायऱ्यांच्या शेतीला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही ऑलिव्ह आणि द्राक्षवेल यांची भूमी या नावाने. ज्या पिकासाठी पिढ्यान्‌पिढ्या दगड वाहावे लागतात, ते पीक माणसाच्या नुसत्या पोटात नव्हे, तर भाषेत आणि प्रार्थनेतही शिरते. आपल्याकडे भाताचे वा ज्वारीचे जे स्थान, तेच तेथे द्राक्षाचे. आपल्या वेलीखाली आणि आपल्या अंजिराखाली निर्भयपणे बसणारा मनुष्य, हेच तेथील संदेष्ट्यांनी शांततेचे चित्र म्हणून रंगविले आहे.

अशा देशात इस्राएल लोकांनी स्वतःच्या राष्ट्राला द्राक्षवेल म्हटले, यात नवल नाही. ऐंशीव्या स्तोत्रात ईश्वराने हा वेल मिसर देशातून उपटून आणला, त्याच्यासाठी जागा मोकळी केली आणि तो इतका फोफावला की डोंगर आणि देवदार त्याच्या छायेखाली आले, असे वर्णन आहे. परंतु ते स्तोत्र गौरवाचे नसून विलापाचे आहे. कुंपण मोडले आहे आणि रानडुकरे आत शिरली आहेत. यशया संदेष्ट्याने पाचव्या अध्यायात हाच विषय प्रेमगीताच्या चालीवर आरंभिला. आपल्या मित्राने मळ्यासाठी खणणे, वेचणे, लावणे, बांधणे असे सर्व काही केले, आणि हंगामाला पाहतो तो घड आले रानटी, आंबूस. हिब्रू भाषेत या गीताच्या शेवटी एक विलक्षण शब्दश्लेष आहे. मालकाने 'मिश्पात' म्हणजे न्यायाची अपेक्षा केली आणि मिळाला 'मिस्पाह' म्हणजे रक्तपात. अपेक्षा 'त्सदाका' म्हणजे नीतिमत्त्वाची आणि ऐकू आली 'त्सआका' म्हणजे पीडितांची आरोळी. दोन शब्दांत एका-दोन वर्णांचाच भेद. ओठांवर धर्म आणि हातून अधर्म यांतले अंतर किती थोडे असते, हे याहून नेमके कसे सांगावे? द्राक्षे म्हणजे येथे समृद्धी नव्हे. द्राक्षे म्हणजे न्यायाचे आचरण. ही गोष्ट लक्षात ठेवावयाची आहे, कारण पुढे फळ या शब्दाचा अर्थ हिच्यावरूनच लागतो.

बाबिलोनच्या बंदिवासात असलेल्या यहेज्केलाने याहूनही कठोर विचार मांडला. इतर झाडे फळली नाहीत तरी त्यांचे लाकूड कामी येते. पण द्राक्षवेलाच्या लाकडाची भांडे अडकविण्याची खुंटीदेखील होत नाही, असे तो पंधराव्या अध्यायात म्हणतो. जमिनीवर पसरणाऱ्या त्या वाकड्या, तंतुमय लाकडाला फळाखेरीज दुसरे प्रयोजनच नाही. म्हणजे ज्या प्रतिमेने राष्ट्राचा अभिमान वाढावा, तिनेच संदेष्ट्यांनी त्याला अंतर्मुख केले.

आता येशूच्या काळाकडे येऊ. हेरोदाने नव्याने बांधविलेल्या जेरुसलेमच्या मंदिराच्या आतील द्वारावर सोन्याचा एक प्रचंड द्राक्षवेल पसरलेला होता. त्याचे घड माणसाच्या उंचीचे होते, असे जोसेफस हा इतिहासकार सांगतो. यहुद्यांच्या 'मिश्ना' या ग्रंथात असेही नमूद आहे की लोक सोन्याचे एखादे पान, एखादा मणी किंवा घड नवसाने आणून त्या वेलावर अडकवीत. राष्ट्र म्हणजे वेल, हे प्रत्येक यात्रेकरू डोळ्यांनी पाहत होता. त्याच नगरात, वल्हांडणाच्या सुमारास, पकडले जाण्याच्या आदल्या रात्री भोजनानंतर येशू शिष्यांशी बोलला. त्या बोलण्यात स्वतःला 'खरा' द्राक्षवेल म्हणवून घेणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. जो मान अखिल वंशाचा, तो उद्या क्रूसावर जाणारा एक मनुष्य स्वतःकडे घेत होता. येथे 'खरा' या विशेषणात दुसऱ्या कोणास खोटे ठरविण्यापेक्षा संदेष्ट्यांच्या तक्रारीला दिलेले उत्तर अधिक आहे, असे आम्हांस वाटते. ज्या मळ्यातून न्यायाचे फळ मिळाले नाही, त्या मळ्याच्या वतीने ते फळ देण्याचे दायित्व त्याने अंगावर घेतले. सोन्याचा वेल इ. स. ७० मध्ये मंदिरासह नष्ट झाला. शब्दांतला वेल राहिला.

या दृष्टांतातील मध्यवर्ती क्रियापद कोणते, हे पाहिले तर त्याचा रोख कळतो. मूळ ग्रीकात 'मेनो' म्हणजे राहणे, टिकून असणे, हे क्रियापद चौथ्या ते दहाव्या या सात वचनांत दहा वेळा आले आहे. शिष्यांना फळ आणण्याची आज्ञा अशी स्वतंत्रपणे केलेलीच नाही. आज्ञा आहे ती राहण्याची. कारण उघड आहे. फाट्याने कितीही निश्चय केला तरी निश्चयाने घड धरत नाही. खोडातून रस येतो, तो फाट्यातून पुढे जातो आणि डोळा फुटून घड बाहेर पडतो. फाट्याचे कर्तृत्व एवढेच, की त्या वाहत्या रसाच्या वाटेत त्याने खंड पडू द्यावयाचा नाही. तथापि ही निष्क्रियता नव्हे. नवव्या-दहाव्या वचनांत प्रेमात राहणे आणि आज्ञा पाळणे ही दोन्ही एकत्र आणली आहेत, आणि बाराव्या वचनात ती आज्ञा एकच असल्याचे सांगितले आहे: परस्परांवर प्रीती करणे. आपल्या भक्तिपरंपरेतील नामस्मरणाला साधकाच्या नित्य अनुसंधानाचे जे महत्त्व आहे, त्याची येथे आठवण होते. परंतु साम्य तेथवरच ठेवावे हे बरे. अद्वैतात अखेर दोनपण उरत नाही. येथे फाटा वेलाच्या जीवनाने जगतो खरा, तरी तो फाटाच राहतो, आणि पंधराव्या वचनात त्याला दासाऐवजी मित्र म्हटले जाते. मैत्रीला दोघे लागतात.

आता छाटणीकडे वळू. कारण त्या मातेचा प्रश्न तेथेच होता. तासगावच्या बाजूस आम्ही द्राक्षबागांची छाटणी पाहिली आहे. थंड देशांत हिवाळ्यात वेलाची पाने गळतात आणि तो निजतो. आपल्याकडे त्याला तशी झोप मिळत नाही, म्हणून बागाईतदाराला वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तीत काडी एखाद-दुसऱ्या डोळ्यावर आखडती घेतात. आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटलेली बाग प्रथमच पाहणाऱ्यास ती उजाड झाल्यासारखी वाटते. परंतु जाणता माणूस प्रत्येक काडीपाशी थांबतो, डोळे मोजतो, मग कापतो. न छाटलेला वेल पानांनी दाटतो, रस लाकूड वाढविण्यात खर्ची पडतो आणि घड विरळ होतात. छाटणी म्हणजे वेलावरचा राग नव्हे. रसाला दिलेली दिशा आहे.

शुभवर्तमानात या जागी जो ग्रीक शब्द योजिला आहे तो अर्थपूर्ण आहे. निष्फळ फाट्यासाठी 'आयरेइ' म्हणजे काढून टाकतो, आणि फळणाऱ्या फाट्यासाठी 'कथायरेइ'. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ छाटणे असाही होतो आणि शुद्ध करणे असाही होतो. आपणही बाग साफ करणे म्हणतोच. लगेच पुढच्या, म्हणजे तिसऱ्या वचनात, त्याच धातूपासून झालेले विशेषण वापरून येशू शिष्यांना सांगतो की ते आधीच शुद्ध झालेले आहेत. कशाने? तर त्याने त्यांना सांगितलेल्या वचनाने. म्हणजे माळ्याच्या हातातले हत्यार कोणते, हे दृष्टांताने स्वतःच सांगून ठेविले आहे. ते हत्यार आजारपण नव्हे, अपघात नव्हे, पोटच्या पोराचा मृत्यू नव्हे. ते आहे ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात शिरून त्याचा अहंकार, लोभ आणि पोकळ विस्तार कमी करणारे वचन. शिवाय छाटला जातो तो फाटा म्हणजे स्वतः शिष्य. एका माणसाला शुद्ध करण्यासाठी दुसऱ्या जिवाला कापून टाकावे, असा अर्थ या अध्यायात कोठेही निघत नाही.

आपले स्वतःचे दुःख छाटणी म्हणून स्वीकारणारे भाविक ख्रिस्ती जगात अनेक होऊन गेले, आणि त्यांच्या अनुभवाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु जे वाक्य मनुष्याने स्वतःविषयी अश्रूंनंतर उच्चारावे, ते शेजाऱ्याने त्याच्याविषयी अश्रूंच्या आधी उच्चारणे, ही निराळी गोष्ट होय. दृष्टांतात माळी एकच आहे. एका फाट्याच्या हाती दुसऱ्या फाट्याच्या छाटणीची कात्री कोठेही दिलेली नाही. हे वाक्य आम्ही प्रथम स्वतःस ऐकविले, कारण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्यास कात्रीचा मोह फार. मुलाच्या कल्याणासाठी म्हणून आम्ही कितीदा बोललो, त्यातले कल्याण किती आणि आमचा संताप किती, याचा हिशेब आज द्यावयाचा झाल्यास आम्हांस अवघड जाईल.

हा मोह केवळ खुर्चीपुरता राहत नाही. इतिहासात त्याचा परिणाम भयंकर झालेला आहे. सहाव्या वचनात वाळलेले फाटे गोळा करून अग्नीत टाकले जातात, असा उल्लेख आहे. द्राक्षमळ्यात दर वर्षी घडणारी ती साधी गोष्ट. यहेज्केलाच्या निरुपयोगी लाकडाचीच आठवण. परंतु मध्ययुगीन युरोपातील काही धर्मविधिज्ञांनी पाखंडी ठरविलेल्या माणसांना जिवंत जाळण्यास याच वचनाचा आधार घेतला. ज्या दृष्टांताचा शेवट परस्पर प्रीतीच्या आज्ञेत होतो, त्यातून चिता रचण्यात आली. गोव्यातील आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटणार नाही. तेथील इन्क्विझिशन १५६० मध्ये स्थापन झाले आणि मध्ये काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच गोव्यात, त्याच काळात, १५७९ मध्ये आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट येथील भाषा शिकत होता. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. एकाच धर्माच्या नावाने एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात लेखणी. फळ कोणत्या हाताला लागले, हे आज चारशे वर्षांनंतर मराठी वाचकास सांगावयास नको.

दृष्टांताचा आणखी एक पैलू टिळक दांपत्याच्या चरित्रामुळे आम्हांस उमगला. वेल म्हणजे वंश, हा अर्थ इस्राएलात होता तसाच तो आपल्याकडेही आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने ते वंशवेलावरून तुटले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला. त्या ताटातुटीची वेदना 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कोणासही विसरता येणार नाही. जन्माने मिळणारे नाते तुटण्याचे मोल काय असते, हे द्राक्षवेलाचा दृष्टांत प्रथम ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असले पाहिजे. कारण योहानाचे शुभवर्तमान लिहिले गेले त्या काळी येशूचे अनुयायी सभास्थानातून बाहेर टाकले जात, याचा निर्देश त्याच ग्रंथात आहे. अशा तुटलेल्या माणसांना हा दृष्टांत सांगतो की वेलाशी नाते जन्माने जडत नाही, राहण्याने जडते. आणि टिळकांनी आपले भाषेचे नाते तोडले नाही. ओवी आणि अभंग त्यांनी बरोबर नेले, ही आमच्यासारख्या मराठी शिक्षकांस विशेष समाधानाची गोष्ट होय.

राहता राहिले फळ. फाटा आपली द्राक्षे आपण खात नाही. घड पिकतो तो दुसऱ्यासाठी, आणि त्याचा द्राक्षारस व्हावयाचा तर त्याला कुंडात तुडविले जाणेही आले. पहिल्या तीन शुभवर्तमानांत त्याच रात्रीच्या भोजनातील प्याल्याची हकीकत आहे; योहान ती सांगत नाही, त्या ठिकाणी तो पाय धुण्याची हकीकत सांगतो आणि मग द्राक्षवेलाची. म्हणून प्याल्यातील द्राक्षारस आणि दृष्टांतातील वेल यांचे नाते ख्रिस्ती परंपरेने प्रारंभापासून ओळखले. रोममधील सांता कोस्तान्झा या चौथ्या शतकातील वास्तूच्या छतावर द्राक्षांच्या तोडणीची मोझेक चित्रे आहेत; रोमन लोकांच्या मद्यदेवतेच्या उत्सवांतून आलेली ती जुनी चित्रे ख्रिस्ती कन्येच्या समाधीवर निराळ्या अर्थाने शोभली. तेराव्या वचनात मित्रांसाठी स्वतःचा प्राण देण्याहून मोठे प्रेम नाही, असा आशय आहे. संपूर्ण दृष्टांतात मृत्यूचा म्हणून उल्लेख काय तो येथे, आणि तो दुसऱ्याचा प्राण घेण्याचा नव्हे, आपला देण्याचा आहे. दुसऱ्या दिवशी तुटला तो एखादा फाटा नव्हता. बोलणारा वेलच होता.

या वाचनानंतर आम्ही त्या बाईंना भेटलो. त्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर अगदी लहान होते. आम्ही म्हणालो, "नाही बाई. ते पुस्तक तसं म्हणत नाही." त्यांनी मान हलविली आणि आमच्यापुढे चहा ठेविला. धाकट्याची पाटी भिंतीशी अजून तशीच उभी होती. आम्ही बराच वेळ बसलो. दृष्टांत सांगण्याचा त्या दिवशी कोणालाच मोह झाला नाही, आणि नुसते बसून राहणे हेही त्या दहा वेळा आलेल्या क्रियापदाच्या अर्थापासून फार दूर नसावे.